ऊन, कूलर, घाम आणि रक्त: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे विज्ञानप्रश्न

शरीराचे प्रश्न आणि घरातल्या वस्तूंचे प्रश्न इथे मुद्दाम एकत्र ठेवले आहेत. घाम, माठ आणि कूलर तिन्ही एकाच नियमावर चालतात: पाण्याची वाफ होताना ते आसपासची उष्णता घेऊन जातं. हा नियम नीट कळला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, आणि तो कुठे लागू पडत नाही हे कळलं की जीवही वाचतो.

नागपूर एवढं का तापतं? मे महिन्यात सूर्य जवळ येतो का?

नाही, उलट लांब जात असतो. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर असते. उन्हाळा ठरतो तो ऊन किती सरळ पडतं आणि दिवस किती मोठा आहे यावर. नागपूरचा अक्षांश सुमारे 21.15 अंश उत्तर, त्यामुळे 26 मेच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तेही साधारण 25 मेपासूनच धरतात.

पण सूर्य डोक्यावर येणं एवढ्यानं भागत नाही. समुद्र लांब असल्याने खारे वारे इथवर पोचत नाहीत. जमीन मेपर्यंत पार सुकलेली असते. ओल्या जमिनीवर पडलेल्या उन्हातला मोठा हिस्सा पाणी उडवण्यात खर्च होतो. कोरड्या जमिनीवर तो थेट माती आणि हवा तापवतो. म्हणून 21 जूनला दिवस सर्वांत मोठा असूनही तापमान मेपेक्षा कमी असतं, कारण तोवर बहुधा पाऊस आलेला असतो, ढग असतात आणि जमीन भिजलेली असते. नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश सेल्सिअस नोंदवलं गेलं होतं.

सावली गायब होते ती नक्की किती वाजता?

बाराला नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, नागपूर 79.1 अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर इथे मध्यान्ह सुमारे 13-14 मिनिटं उशिरा होते, आणि ऋतूप्रमाणे त्यात काही मिनिटं पुढेमागे होतात. 26 मेला ती वेळ 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास येते. 17 जुलैच्या आसपास सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, तेव्हा 12.20 च्या सुमारास. पण त्या दिवसांत ढगच असतात. प्रयोग करायचा तर सपाट गच्चीवर पीव्हीसी पाइपचा सरळ कापलेला तुकडा उभा करा. तुकडा वाकडा कापला असेल किंवा गच्चीला उतार असेल तर सावली थोडी उरतेच, आणि मुलांना वाटतं प्रयोग फसला.

गाडीचा डिस्प्ले 49 दाखवतो, बातम्यांत 44 सांगतात. खरं काय?

दोन्ही यंत्रं आपापल्या जागेचं तापमान सांगतात. वेधशाळेचा तापमापक झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीत असतो. तो हवेचं तापमान मोजतो, उन्हाचं नाही. गाडीचा सेन्सर बंपरजवळ, तापलेल्या डांबरापासून हातभर वर. गाडी सिग्नलला उभी राहिली की आकडा चढतो, पळायला लागली की उतरतो.

मे 2024 च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि ती बातमी देशभर फिरली. नंतर हवामान विभागानं सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं स्पष्ट केलं. असा आकडा दिसला की शेजारच्या केंद्रांशी ताडून बघावं. एकाच शहरात दोन केंद्रांत दहा अंशांचा फरक असेल तर आधी यंत्रावर संशय घ्यावा.

उष्णतेच्या लाटेचे निकष असे: सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान 40 असावं आणि सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी किंवा जास्त वर असावं. किंवा सरासरी काही का असेना, 45 गाठलेलं असावं. 47 गाठलं की तीव्र लाट.

45 अंशांत नुसता पंखा लावून उपयोग होतो का?

फार कमी, आणि काही लोकांना अपायच. पंखा हवा थंड करत नाही. मोटर थोडी गरम होते म्हणून खोली किंचित तापतेच. त्याचा फायदा एवढाच की अंगावरचा घाम लवकर उडतो. कातडीचं तापमान 35 अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता नेतो, गरम असेल तर तोच वारा उष्णता अंगात ढकलतो. तरुण माणसाला भरपूर घाम येतो म्हणून त्याचं निभावतं. सत्तरीच्या आजीला घाम कमी येतो, तिच्यासाठी 45 अंशांचा वारा म्हणजे लूच. पंखा लावायचाच असेल तर अंगावर ओला पंचा टाकावा किंवा हात, मान, पाय सारखे ओले करत राहावेत. मग पंखा कूलरचंच काम करतो.

कूलर मे महिन्यात थंडी वाजवतो आणि जुलैत चिकचिक. असं का?

एक लिटर पाणी उडताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेतं, म्हणजे विजेच्या भाषेत 0.67 युनिट. मोठा कूलर भर दुपारी तासाला 10 लिटर पाणी सहज पितो. म्हणजे पंखा आणि पंप मिळून जेमतेम दोनशे वॉट वीज खाऊन तो जवळजवळ पावणेसात किलोवॉट उष्णता हवेतून काढतो. दीड टनाचा एसी काढतो साधारण सव्वापाच किलोवॉट. आकड्यांत कूलर पुढे दिसतो, पण एसी खोलीतलीच हवा फिरवतो आणि ओलही काढतो. कूलरची हवा खिडकीतून बाहेर जावीच लागते, तिच्याबरोबर बराच गारवाही जातो.

कूलर हवा किती खाली आणेल हे हवेच्या कोरडेपणावर ठरतं. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं बांधून वारा दिला की तो जे तापमान दाखवतो त्याला आर्द्र तापमान म्हणतात, आणि कूलर त्याच्या खाली जाऊच शकत नाही. मेमध्ये हवा 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर आर्द्र तापमान 24 च्या आसपास. चांगल्या ताट्यांचा (पाणी झिरपणाऱ्या गवताच्या जाळ्यांचा) कूलर या फरकाच्या सुमारे 80 टक्के गाठतो, म्हणजे तोंडाशी साधारण 28 अंश. जुलैत हवा 33 आणि आर्द्रता 75 टक्के असेल तर आर्द्र तापमानच 29. कूलर फार तर 30 देणार, वर हवेत आणखी ओल भरणार. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

मेमध्येही कूलर गार देत नसेल तर बिघाड बहुतेक पुढच्यापैकी एखादा असतो. समोरची खिडकी बंद असते: ओल बाहेर पडत नाही आणि अर्ध्या तासात खोली दमट होते. कूलर खोलीच्या आत ठेवलेला असतो आणि तीच ती ओली हवा पुन्हा ओढतो. त्याची पाठ बाहेरच हवी. ताट्यांवर पाणी सोडणाऱ्या नळीची एकदोन छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, त्यामुळे ताटीवर उभे कोरडे पट्टे राहतात. हवा वाट शोधते ती याच पट्ट्यांतून, कारण तिथे अडथळा कमी. टाचणीनं छिद्रं मोकळी करा. ताटीतलं गवत खाली बसून वर मोकळी जागा राहिली असेल तर तिथूनही 45 अंशांची हवा सरळ आत येते. आणि टाकीतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण बदला. उडतं ते शुद्ध पाणी. क्षार टाकीतच राहतात आणि पाणी दिवसेंदिवस खारट होत जाऊन ताट्यांवर पांढरा थर बसतो. पंप पंख्याच्या पाचेक मिनिटं आधी सुरू केला तर सुरुवातीचा गरम धुळीचा झोतही येत नाही.

टाकीत बर्फाची लादी टाकली तर?

पैसे वितळतात. 10 किलो बर्फ वितळून त्याचं पाणी 25 अंशांपर्यंत येताना सुमारे 4400 किलोज्यूल घेतो. एवढीच उष्णता दोन लिटरपेक्षा कमी पाणी नुसतं उडताना घेतं, आणि तेवढं पाणी मोठा कूलर दहा-बारा मिनिटांत उडवतो. शिवाय गार पाणी कमी उडतं. पहिला झोत छान लागतो, बाकी काही नाही.

कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. घरात एमसीबी आहे, मग भीती कशाला?

एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. तो 6, 10 किंवा 16 अँपियरच्या वर प्रवाह गेला की पडतो. माणसाला 1 मिलिअँपियर जाणवतो, 10 च्या वर गेला की स्नायू आखडून हात सुटत नाही, आणि 30 च्या वर काही क्षण गेला तरी श्वास आणि हृदय धोक्यात येतं. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. 230 व्होल्ट भागिले 1000 म्हणजे 230 मिलिअँपियर. एमसीबीच्या दृष्टीनं हा प्रवाह काहीच नाही.

हवी ती दोन गोष्टींची जोडी. पहिली, खरंखुरं अर्थिंग: प्लगची जाड पिन कूलरच्या पत्र्याला जोडलेली, आणि सॉकेटची अर्थ तार जमिनीपर्यंत गेलेली. दोन पिनांचा प्लग लोखंडी कूलरला कधीच नको. दुसरी, 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी. तो जाणारा आणि परत येणारा प्रवाह ताडून बघतो. फरक दिसला की सेकंदाच्या छोट्या अंशात वीज तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, पडला नाही तर तो नुसता शोभेचा आहे. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा: जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधीकधी न्यूट्रलवर असतो आणि बंद कूलरमध्येही वीज हजर असते. झिणझिणी ही पूर्वसूचना आहे, चप्पल घालून निभावण्याची बाब नाही.

कूलरचं पाणी काढलं तरी डेंग्यूचे डास कसे होतात?

एडिस डास अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर टाकीच्या भिंतीला चिकटवतो. ती सुकून कित्येक महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतली भिंत ब्रशनं घासायची. हंगाम संपला की घासून, ताट्या काढून, पूर्ण कोरडा करूनच कूलर गच्चीवर किंवा कोपऱ्यात ठेवायचा. दिवाळीपर्यंत अंगणात भिजत पडलेला कूलर म्हणजे डासांचं पाळणाघर.

माठ पहिल्या वर्षी गार करतो, पुढे का नाही?

मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं आणि बाहेर उडतं. वर्षभरात ही छिद्रं क्षार आणि शेवाळानं बुजतात. बाहेरून नारळाच्या शेंडीनं नुसत्या पाण्यात घासा. साबण लावू नका, तो छिद्रांत शिरतो. माठ बंद कपाटात न ठेवता वाऱ्याच्या वाटेवर, तिवईवर किंवा ओल्या वाळूवर ठेवा. रंगवलेला माठ गार करत नाही.

खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही, हे खरं आहे का? आणि दुपट्टा?

खिशातला कांदा काही करत नाही. खाल्लेला कांदा थोडं पाणी आणि क्षार देतो, इतकंच.

दुपट्ट्याचं मात्र शास्त्र पक्कं आहे. नागपुरात दुचाकीवर डोळे सोडून सगळा चेहरा सुती दुपट्ट्यानं गुंडाळतात, ते बाहेरच्या माणसाला अति वाटतं. पण हवा कातडीपेक्षा दहा अंशांनी गरम असेल तेव्हा कापडाचा थर उष्णता आत येऊ देत नाही, थेट ऊन अडवतो आणि घाम तिथल्या तिथे धरून हळूहळू उडू देतो. पांढरा, सैल विणीचा, सुती. पॉलिस्टरचा दुपट्टा घाम शोषत नाही, त्याचा उपयोग अर्धाच. निघण्यापूर्वी तो भिजवून घट्ट पिळून बांधला तर अर्धा तास छान निभतो.

44 कोरडे अंश वाईट की पहिल्या पावसानंतरचे 38 दमट अंश?

पुष्कळदा 38 वाईट, आणि लोक नेमके तिथेच बेसावध राहतात. घामालाही कूलरचाच नियम लागू आहे: हवा जितकी दमट, तितका घाम कमी उडतो. नुसता ओघळून खाली पडलेला घाम शरीराला गार करत नाही, फक्त पाणी आणि मीठ घालवतो. आर्द्र तापमान 35 ला पोचलं तर निरोगी माणूस सावलीत बसूनही स्वतःला थंड ठेवू शकत नाही. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच खाली, 30-31 च्या आसपासच शरीराची कसोटी सुरू होते. जूनमध्ये पाऊस पडून गेल्यावर उघडीप मिळाली की शेतात आणि बांधकामावर काम करणाऱ्यांना त्रास होतो तो यामुळे.

साधं ऊन लागणं आणि उष्माघात यांत फरक कसा ओळखायचा?

डोक्याकडे बघा, घामाकडे नाही. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, खूप घाम, अशक्तपणा, पण माणूस नीट बोलतोय, नाव-गाव सांगतोय: हा उष्णतेचा थकवा. सावलीत आडवं करा, पाय जरा वर, कपडे सैल, घोटघोट पाणी किंवा ओआरएस. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं. वाटलं नाही तर दवाखाना.

असंबद्ध बडबड, चालताना तोल जाणं, चिडणं, झटके, बेशुद्धी आणि अंगाचं तापमान 40 अंश किंवा वर: हा उष्माघात. यात कातडी कोरडी पडते असं शिकवलं जातं, पण काम करता करता किंवा धावताना कोसळलेला माणूस घामानं चिंब असू शकतो. घाम आहे म्हणून उष्माघात नाही असं समजू नका.

आता वेळेशी शर्यत आहे. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका, थंड करायला तिथेच सुरुवात करा. आधी थंड करणं, मग हलवणं. जादा कपडे काढा. बादलीनं, पाइपनं, मिळेल तसं पाणी सगळ्या अंगावर ओता आणि पंखा, पुठ्ठा, जे हाती येईल त्यानं वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघा इथे ठेवा. मोठ्या रक्तवाहिन्या तिथे कातडीजवळ असतात. धडधाकट तरुण माणूस असेल आणि टब किंवा हौद जवळ असेल तर डोकं धरून मानेपर्यंत गार पाण्यात बसवणं सर्वांत जलद. ताप 39 च्या खाली आला की थांबा. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा आणि तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो फुप्फुसात जातो. चेहऱ्यावर चार थेंब शिंपडून आणि कांद्याचा वास देऊन जी दहा मिनिटं जातात, ती फार महाग पडतात.

ताप आहे तर पॅरासिटामॉल का द्यायचं नाही?

कारण हा ताप त्या जातीचा नाही. जंतुसंसर्गात मेंदूच शरीराचं ठरलेलं तापमान वर नेतो, आणि पॅरासिटामॉल ते पुन्हा खाली आणतं. उष्माघातात मेंदूनं काही वर नेलेलं नसतं. उष्णता बाहेर पडण्याची वाटच बंद झालेली असते. गोळीला काम करायला जागा नाही, आणि उष्माघातात आधीच मार खाल्लेल्या यकृतावर तिचा भार पडतो.

ओआरएस, लिंबू सरबत आणि कैरीचं पन्हं, यांत काय घ्यावं?

उन्हात फिरून आल्यावर पन्हं उत्तम: पाणी, मीठ, साखर तिन्ही आलं. जुलाब-उलट्या असतील तर मात्र ओआरएसच. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीनं आत शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. ही जोडी ठरावीक प्रमाणातच चालते. साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. पन्हं आणि बाटलीतली पेयं इथेच घात करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं मोठं पाकीट सुमारे 20.5 ग्रॅमचं, 1 लिटर पाण्यासाठी. सगळ्यात सर्रास होणारी चूक म्हणजे थोडी पूड पेल्यात टाकून बाकी उद्यासाठी ठेवणं. पुडीत क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर, 24 तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. 200 मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून आधी पाठीमागचा मजकूर वाचा. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी टाका. जादा मीठ लहान मुलाला धोक्याचं आहे.

दिवसाला किती पाणी प्यावं?

सरसकट आकडा नाही. उन्हात अंगमेहनत करणाऱ्यानं दर 15-20 मिनिटांनी एक पेला, पण तासाला दीड लिटरच्या वर नको. मीठ न घेता नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्यातही डोकेदुखी, मळमळ, गोंधळ हीच लक्षणं येतात. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनं ती भडक पिवळी होते, त्याला घाबरू नका. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनी दिलेलं माप पाळावं.

उन्हाळ्यात घोळणा फुटतो तेव्हा डोकं मागे करायचं का?

नाही. रक्त घशात उतरतं, पोटात जातं आणि उलटी होते. रक्त थांबलं असं फक्त दिसतं. सरळ बसून किंचित पुढे वाका, नाकाचा खालचा मऊ भाग अंगठा आणि तर्जनीत घट्ट धरा, तोंडानं श्वास घ्या. 10 ते 15 मिनिटं, घड्याळ लावून. मधे सोडून बघितलं की जमत आलेली गुठळी सुटते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. वरचं हाड दाबून उपयोग नाही, रक्त बहुतेकदा नाकाच्या पडद्याच्या पुढच्या टोकाशी असलेल्या बारीक वाहिन्यांच्या जाळीतून येतं. कोरड्या हवेनं तिथली त्वचा तडकते आणि पोरं बोट घालतात. अर्ध्या तासात थांबलं नाही, किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर दवाखाना गाठा.

सिकलसेल म्हणजे रक्त कमी असणंच ना? लोहाच्या गोळ्या घेऊन बरा होतो का?

विदर्भात हा प्रश्न घरोघरी आहे आणि गैरसमजही तितकेच. सिकलसेल जनुकातून येतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच बदल. ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन लांब दोऱ्यांसारखं जुळतं आणि गोल, लवचिक लाल पेशी विळ्यासारखी ताठ होते. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत मोडते. म्हणून रक्त कमी पडतं. ताठ पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. म्हणून हाडांत असह्य कळा येतात. लोहाच्या गोळ्यांनी यातलं काही बदलत नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात लोह आधीच साठलेलं असतं. तपासणीत लोह कमी निघालं तरच गोळ्या.

दोन प्रकार वेगळे धरा. एकाच पालकाकडून जनुक आलं तर तो वाहक, म्हणजे एएस. तो सहसा ठणठणीत असतो. दोघांकडून आलं तर एसएस, म्हणजे आजार. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गर्भारपणात 25 टक्के शक्यता आजारी मूल, 50 टक्के वाहक, 25 टक्के पूर्ण निरोगी. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ हा हिशेब चूक आहे. दर खेपेला फासे नव्यानं पडतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी विद्राव्यता चाचणी दोष आहे की नाही एवढंच सांगते, वाहक की आजारी ते नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही मोठ्या प्रयोगशाळेतली हिमोग्लोबिनची तपासणी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळाची विद्राव्यता चाचणी भरवशाची नसते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अजून बरंच असतं. ही तपासणी लग्न ठरण्याआधी झालेली बरी. दोघंही वाहक असतील तर गर्भाची तपासणी साधारण 10 ते 12 आठवड्यांत होऊ शकते.

उन्हाळ्याशी याचा थेट संबंध आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की लाल पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं, पेशी लवकर विळा बनतात आणि कळा सुरू होतात. एसएस मुलाला शाळेत बाटली जवळ ठेवू द्या आणि लघवीला वारंवार जाऊ द्या. थंडी आणि जंतुसंसर्गही कळा आणतात. अशा मुलाला ताप आला तर ‘उद्या बघू’ नको, त्याच दिवशी रुग्णालय, कारण प्लीहा (जंतूंशी लढणारा पोटातला अवयव) निकामी झाल्याने जंतू झपाट्यानं पसरतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतल्यास कळा कमी होतात.

बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. पाणी कमी तापतं का?

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच, इथे पाणी 99 अंशांना उकळतं; फरक नगण्य. उंच डोंगरावरच्या चिखलदऱ्याला मात्र ते 96-97 वरच उकळतं आणि उघड्या पातेल्यातली डाळ खरोखर वेळ घेते. कुकरमध्ये दाबामुळे 120 अंशांच्या आसपास जातं, तिथे उंचीचा प्रश्नच मिटतो. बोअरचा दोष जड पाण्याचा. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशी जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरतात. चिंच, टोमॅटो, आमसूल आधी घातलं तरी तेच होतं. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. अर्धा तास भिजवा, शिजवायला नळाचं किंवा गाळलेलं पाणी घ्या. चिमूटभर सोडा काम करतो, पण बी-1 जीवनसत्त्व घालवतो. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. मोठ्या आचेनं आतलं तापमान वाढत नाही, शिट्ट्या वाढतात.

उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी का?

उलट, हीच फुटण्याची वाट. हवा कमी असलेला टायर चालताना जास्त दुमडतो, त्या दुमडण्यानं आतून तापतो आणि समृद्धी महामार्गावर तासभर वेगात पळाला की थर सुटतो. थंड टायरमध्ये 30 पीएसआय भरलेला दाब टायर 30 अंशांनी तापल्यावर 34-35 होतो. कंपनीनं हे धरूनच आकडा दिलेला असतो. सकाळी गाडी हलवण्याआधी तपासा. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका.

संत्र्याची साल पिळली की फुगा का फुटतो?

सालीतल्या तेलातलं लिमोनीन रबर विरघळवतं. थर्मोकोलवर थेंब टाका, खड्डा पडेल. तेच तेल मेणबत्तीच्या ज्योतीवर उडवलं की ठिणग्या पेटतात, म्हणून चेहरा आणि पडदे लांब ठेवा.

वीज कडाडत असताना शेतात सापडलो तर?

उजेड आणि आवाज यांतले सेकंद मोजा, तीननं भागा. तेवढ्या किलोमीटरवर वीज पडली. पण गडगडाट ऐकू येतोय म्हणजेच तुम्ही टप्प्यात आहात. पक्कं घर किंवा बंद काचांची चारचाकी गाठा. उघडा ट्रॅक्टर, पत्र्याचा मांडव आणि झाड यांपैकी काहीच आसरा नाही. झाडावर पडलेली वीज मुळांशी जमिनीत पसरते आणि दोन पायांमधल्या अंतरात विजेच्या दाबाचा (व्होल्टेजचा) फरक तयार होतो. जनावरांचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यानं झाडाखाली बांधलेली गुरं एकदम मरतात. कुठेच जाता येत नसेल तर सखल जागी, पाय जुळवून, उकिडवं बसा. आडवं पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबूनच कामाला लागा. हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळच्या विजांची सूचना देतं.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावा. श्वास आणि हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबत राहा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा. अनेकांचं हृदय थबकलेलं असतं, पण वेळीच दाब मिळाला तर ते पुन्हा चालू होऊ शकतं. गोवऱ्या किंवा शेणात पुरणं, माती लावणं यात ती वेळ निघून जाते.